हॅलोरनची पोरं

टोलेडोत त्या हिवाळ्यात दोनच गोष्टींवर बोलणं चालायचं. एक तळ्यावरून येणारा वारा आणि दुसरा ग्रँट हॅलोरन. वाऱ्याचा राजीनामा निदान कोणी मागत नव्हतं.

ग्रँट हा ग्लेझियर्स या तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा जनरल मॅनेजर. तीन वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याने जाहीर केलं होतं की जुनी टीम मुळापासून पाडायची आणि नवी उभी करायची. पाडकाम झकास झालं. उभारणीचा मात्र पत्ता नव्हता. या लीगची एक रीत आहे. जी टीम सगळ्यात जास्त हरते, तिला एप्रिलमधल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांच्या निवडीत, पहिला मान. हरणाऱ्यावर दया म्हणा हवं तर. ग्लेझियर्सनी ही दया दरवर्षी इमानेइतबारे कमावली आणि ग्रँटने दरवर्षी ती दुसऱ्या टीमला देऊन टाकली. वरच्या एका निवडीच्या बदल्यात तो खालच्या चार-पाच घ्यायचा. देशातलं गाजलेलं पोरगं भलतीकडे जायचं आणि टोलेडोच्या वाट्याला यायची कोणी नावही न ऐकलेली पोरं. निम्मे वर्तमानपत्रवाले याला डोकं म्हणत, निम्मे पळपुटेपणा.

यंदाही पहिला मान टोलेडोचाच होता. आणि यंदाचं पोरगं साधंसुधं नव्हतं. मिशिगनमधल्या सॅगिनॉचा डॅरियस विंबरली. क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ ज्याच्या हातून सुटतो तो गडी. त्याचा चेंडू हवेतून जाताना बघून इतर टीमचे कोच उसासे टाकत होते.

टीमच्या मालकीणबाई मिसेस स्ट्रॉब यांनी जानेवारीत एमेट रोझॅकला बोलावून घेतलं. एमेट म्हणजे जन्मभर गावोगावची मैदानं तुडवून पोरं हेरणारा जुना स्काउट. आता निवृत्त, विधुर, आणि तोंडाने फटकळ. त्याचा बाप स्ट्रॉबांच्या काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता, त्यामुळे बाई त्याला अजून पोरासारखं बोलत.

"मी ऐंशी पार केलीत, एमेट. मला भविष्यात रस नाही. मला रविवारी जिंकायचंय."

"मग घोडे विकत घ्यायचे होते, मिसेस स्ट्रॉब. ते शनिवारीही पळतात."

"थट्टा पुरे. तूच ग्रँटला धंदा शिकवलास ना? मग तूच बघ. हा जे करतोय ते डोकं आहे की भीती, एवढंच मला ड्राफ्टच्या आत सांग. डोकं असेल तर राहील. भीती असेल तर त्याला दुसरं घर शोधायला लावते."

एमेटला हे काम नको होतं. ग्रँट त्याच्या हाताखाली तयार झालेला. एमेटची बायको ऑड्री गेली त्या आठवड्यात हा माणूस रोज येऊन दारापुढचा बर्फ काढून जायचा, घंटासुद्धा न वाजवता. अशा माणसाची नोकरी आपल्या जिभेवर यावी हे त्याला अजिबात आवडलं नाही. पण दुसरा कोणी आला तर तो ग्रँटला सोलून काढेल, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून तो हो म्हणाला.

दोन महिने तो क्लबच्या फिल्मच्या खोलीत बसला. विंबरलीला बघायला मार्चमध्ये मिशिगनला जाऊन आला. ग्रँटने घेतलेल्या एकेका पोराचे सामने त्याने डोळ्यांत तेल घालून पाहिले, आणि त्याला कबूल करावं लागलं की त्यात एकही टाकाऊ नव्हतं. पोरं कष्टाळू होती, हुशार होती, उशिरा फुलणारी होती. सौदेही चोख होते. कागदावर ग्रँटचं डोकंच दिसत होतं. एमेट खूश झाला आणि एखादा शहाणा माणूस इथेच थांबला असता.

पण स्काउटची खोड वाईट. त्याने मग ग्रँटने न घेतलेली पोरं बघायला घेतली. आणि तिथे त्याचं घोडं अडलं. ज्यांच्यावर क्लबचे सगळे स्काउट फिदा होते, अशी कितीतरी पोरं ग्रँटने शेवटच्या घटकेला सोडून दिली होती. त्यातली बरीचशी आता दुसरीकडे धुमाकूळ घालत होती.

"का सोडली?" त्याने मुख्य स्काउट लॉनी बार्क्सडेलला विचारलं. लॉनी म्हणजे दार भरून टाकेल एवढा गडी आणि हसला की खिडक्या हलायच्या. यावर मात्र तो हसला नाही.

"आम्ही वर्षभर देश पालथा घालतो, एमेट. पोराचे दात मोजायचे तेवढे बाकी ठेवतो. मग साहेब सीनियर डेला जातात आणि परत येऊन सांगतात, 'नाही.' का, तर म्हणे, 'माझं पोट नाही म्हणतं.' विषय संपला."

सीनियर डे म्हणजे कॉलेजच्या मैदानावरचा हंगामातला शेवटचा सामना. त्या दिवशी शेवटच्या वर्षाची पोरं आपापल्या घरच्या माणसांचा हात धरून बोगद्यातून मैदानात चालत येतात, लोक टाळ्या वाजवतात, आईच्या हातात फूल असतं. ग्रँट दरवर्षी तिथे जायचा आणि बोगद्याच्या तोंडाशी उभा राहायचा. पोराबरोबर कोण चालतं यावरून त्याला पोरगं कळतं, अशी त्याची ख्याती होती. मासिकांत त्यावर लेख आले होते.

"आणि ते पाणी!" लॉनी पुढे म्हणाला. "सरावाच्या मैदानावर पावलापावलाला पाण्याचे पिंप. पोरं म्हणतात, हॅलोरनने अर्धं तळं आत आणून ठेवलंय. मीटिंगमध्ये बसला तरी स्वतःपुढे एक पेला भरून ठेवतो. पीत नाही. नुसता ठेवतो."



एप्रिलच्या मध्यात क्लबचं वसंतातलं स्नेहभोजन असतं. सरावाच्या मैदानावरच टेबलं मांडायची, सॉसेज भाजायची, खेळाडूंच्या घरच्यांना बोलवायचं. त्या दिवशी ऊन होतं, पण तळ्यावरचा वारा कानाला चावत होता. दरवर्षी मैदानाच्या मधल्या रेषेवर खेळाडूंच्या आयांचा फोटो काढतात. क्लबचा म्हातारा फोटोवाला ऑर्व्हिल तिपाईमागे उभा राहून ओरडत होता.

"या, बायांनो, या! पोट आत, हनुवटी वर!"

सात-आठ बायका हसत रांगेत उभ्या राहिल्या. सगळ्या जुन्या खेळाडूंच्या आया. ऑर्व्हिलने इकडेतिकडे पाहिलं.

"नव्या पोरांच्या कुठेयत? यंदाही नाहीत? तीन वर्षं झाली, माझी चौकट रिकामीच. काय रे, एमेट, तुमची पोरं काय झाडाला लागतात का?"

आजूबाजूचे हसले. एमेटही हसला. मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं. हातातली सॉसेजची बशी खाली ठेवून तो टेबलांमधून फिरायला लागला.

पहिल्या टेबलावर एका पोराची आजी होती. तिने पीचची गोड पेस्ट्री करून आणली होती आणि तीन वेळा आग्रह केला. पुढच्या टेबलावर ट्रक चालवणारा काका. त्यापुढे सरकारने सोपवलेलं पोरगं वाढवणारं एक वयस्क जोडपं. मग कडेवर तान्हं मूल घेतलेली एक थोरली बहीण. एक जुना शाळेचा कोच, तोच त्या पोराचं सगळं. एमेट प्रत्येकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत होता आणि गप्पांच्या ओघात आईचा विषय काढत होता. गेली. सोडून गेली. कधी पाहिलीच नाही. तुरुंगात आहे. गेली. शेवटच्या टेबलापाशी पोचला तेव्हा पुढचं उत्तर ऐकायचा त्याला धीर नव्हता.

मैदानाच्या कडेला ग्रँट उभा होता. उंच, करड्या कोटातला, थोडा वाकलेला. पाण्याचे पेले भरून तो आपल्या पोरांना एकेक देत होता आणि प्रत्येकजण पिऊन संपवेपर्यंत समोरून हलत नव्हता. पोरं त्याला हसत होती, पण मुकाट्याने पीत होती. आई नसलेल्या पोरांची टीम त्याने तीन वर्षं वेचून वेचून उभी केली होती, आणि हे त्या मैदानावर फक्त एमेटला दिसत होतं.

सोमवारी दुपारी एमेट त्याला नदीपलीकडच्या हंगेरियन खानावळीत घेऊन गेला. गर्दी ओसरली होती. ग्रँटने आधी एमेटचा पेला भरला, मग स्वतःचा.

"बोल, म्हाताऱ्या. बाईंना काय सांगणारेस? मला काढतायत का?"

"आधी एक सांग. तुझ्या पोरांपैकी आई किती जणांना आहे?"

ग्रँट हसला. "हा काय प्रश्न झाला? सगळ्यांनाच असते."

"एक नाव सांग."

"टेटम," ग्रँट लगेच म्हणाला. "वेस टेटम. त्याची आई मी सीनियर डेला स्वतः पाहिली. पिवळा स्कार्फ होता तिच्या गळ्यात."

"आणि तेव्हा तुझं पोट काय म्हणालं?"

"आठवत नाही. नाही म्हणालं असेल. मग नंतर मत बदललं."

"ती पुढच्याच जानेवारीत गेली, ग्रँट. तू त्याला एप्रिलमध्ये घेतलंस. त्याची मावशी परवा मैदानावर सांगत होती, अंत्यविधीला तुझी फुलं आली होती."

दुसरं नाव आठवायचा ग्रँट प्रयत्न करत होता, ते एमेटला स्पष्ट दिसत होतं. ओठ हलत होते. एकेक पोरगं डोळ्यांसमोर आणत होता आणि प्रत्येकाच्या शेजारची जागा रिकामी निघत होती. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. एमेटला आपण हे उगाच काढलं असं वाटलं, पण आता उशीर झाला होता.

"मला माहीत नव्हतं," ग्रँट म्हणाला. "देवाशपथ, एमेट, मला माहीत नव्हतं."

"आयझेया बोल्डन?"

हे नाव धंद्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ग्रँटपुढे कोणी घेत नसे. बारा-तेरा वर्षांपूर्वी ग्रँट दक्षिणेतल्या एका क्लबकडे स्काउट होता. अलाबामातल्या एका खेड्यातून आयझेयाला त्यानेच शोधलं आणि वरिष्ठांच्या हातापाया पडून घ्यायला लावलं. जुलैतल्या सराव शिबिरात कोचने पोरांना भर उन्हात पाण्याशिवाय पळवलं. आयझेया पडला तो उठला नाही. चौकशी झाली, कोचची नोकरी गेली. ग्रँटकडे कोणी बोटसुद्धा दाखवलं नाही.

"मीच गेलो त्याच्या आईकडे," ग्रँट म्हणाला. "क्लबातलं दुसरं कोणी जायला तयार नव्हतं. मला वाटलं, शिव्या देईल, थोबाडीत मारेल. मी तयारीने गेलो होतो. घर माणसांनी भरलेलं. तिने मला दारात पाहिलं आणि विचारलं, 'जेवलास का?'"

एमेटने हातातला चमचा खाली ठेवला.

"मी खरं बोललो, एमेट. नाही म्हणालो. तिने ताट वाढलं. तळलेलं चिकन, घेवडा, मक्याचा पाव. आणि माझ्यासमोर बसली. माझा हात थांबला की म्हणायची, 'खा, लांबून आलायस.' सगळे बघत होते. मी सगळं खाल्लं. तिने विचारलं, आणखी वाढू? मी ताट पुढे केलं." त्याने हाताने तोंड पुसलं, जणू अजून काही लागलेलं होतं. "चव आठवते मला. फार छान होतं. तेच तर सहन होत नाही."

"ग्रँट."

"नंतर मैदानावर बाई फूल घेऊन आली की पोटात गोळा यायचा. मला वाटायचं, पोराच्या स्वभावात खोट आहे म्हणून पोट बोलतंय. तूच शिकवलंस ना मला, पोटाचं ऐक म्हणून? लोक त्याला हॅलोरनचा अंदाज म्हणायला लागले. मीही म्हणायला लागलो."

एमेटने ते वाक्य धंद्यातल्या प्रत्येक नवशिक्याला ऐकवलं होतं, आणि ते वाईट वाक्य नव्हतं. भ्यालेलं पोट आणि जाणतं पोट बाहेरून सारखंच दिसतं, एवढंच कोणी कोणाला सांगत नाही.

"विंबरलीचं काय?" त्याने विचारलं.

"त्याची आई शाळेची बस चालवते. मोठी हॅट घालून आली होती. पोरापेक्षा तीच ताठ चालत होती." ग्रँट खिडकीबाहेर बघत होता. "यंदा एकदाच मला सोडून दे, एमेट. ही निवड विकू दे. बाईंना सांग, डोकं आहे. हंगाम संपला की मी आपणहून जातो."

"आणि मग? कुठे जाशील? आयझेयाची आई काय टोलेडोत राहते का, इथून गेलास की मागे राहायला?" एमेट चिडला होता, आणि चिडला की त्याला आपलंच खरं वाटे. "त्या पोराला घे. त्याच्या आईच्या घरी जा, तिच्या हातचं खा, आणि पोराला दहा वर्षं धडधाकट ठेव. एकदा पाण्यात उडी मार म्हणजे सुटशील."

"सुटेन?"

"सुटशील."

ग्रँटने मान हलवली. ती होकाराची होती असं एमेटने धरलं.

मिसेस स्ट्रॉबना त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, "भीती आहे. पण माणूस लाखातला आहे. त्याला काढू नका. विंबरलीला घ्यायला लावा, भीती जाईल."

बाईंनी विचारलं, "भीती कशाची, ते सांगणार नाहीस?"

"नाही."

"बरं. त्याने पोराला घेतलं तर राहील. नाही घेतलं, तर त्याच दिवशी जाईल. त्याला सांग तसं."

एमेटने सांगितलं. ग्रँट फक्त "ठीक" म्हणाला.

ड्राफ्टच्या संध्याकाळी क्लबच्या मोठ्या खोलीत सगळे जमले. भिंतभर पोरांच्या नावांच्या पट्ट्या लावलेल्या. ग्रँट गुळगुळीत दाढी करून, नवा टाय लावून आला होता. लॉनीशी थट्टामस्करी करत होता. एमेटच्या जिवात जीव आला. घड्याळ सुरू झालं तसे दुसऱ्या टीमचे फोन आले, चार निवडी देतो, पाच देतो. ग्रँटने सगळ्यांना नाही म्हटलं. उठला, विंबरलीच्या नावाची पट्टी काढून स्वतःच्या हाताने सगळ्यात वर लावली आणि लीगला नाव कळवलं. खोलीत एकच कल्ला झाला. लॉनी टेबलावर हात आपटत होता.

नाव कळवलं की पोराच्या घरी फोन करायचा असतो, आणि तो जनरल मॅनेजरनेच करायचा. ऑफिसातल्या मुलीने नंबर लावून रिसीव्हर ग्रँटच्या हातात दिला. पलीकडे घंटा वाजत होती. ग्रँटने ती ऐकली. मग त्याने एमेटकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर एमेटला पुढे सोपं गेलं असतं. राग नव्हता.

"तिने उचलला तर?" ग्रँट हळूच म्हणाला.

त्याने रिसीव्हर एमेटच्या हातात ठेवला, खुर्चीच्या पाठीवरचा करडा कोट उचलला आणि दार उघडून निघून गेला. कल्ल्यात कोणाचं लक्षही गेलं नाही. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज एमेटला खिडकीतून आला.

"हॅलो?" पलीकडून बाईचा आवाज आला. मागे माणसं ओरडत होती, कोणी गात होतं. "मी कोरा विंबरली. डॅरियसला रडू आवरत नाहीये म्हणून मीच घेतला. टोलेडो ना? तो उंच माणूस बोलतोय का? करड्या कोटातला?"

"नाही, मॅम. मी एमेट रोझॅक. ते ग्रँट हॅलोरन. ते आत्ता इथे नाहीत."

"परत येतील ना?"

एमेटने दाराकडे पाहिलं. "मला नाही वाटत, मॅम. त्यांनी काम सोडलंय."

पलीकडचा गोंगाट कमी झाला. बाई दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात.

"सीनियर डेला ते बोगद्यापाशी उभे होते," त्या म्हणाल्या. "तिथे वीसेक टीमची माणसं होती. सगळी माझ्या मुलाचा हात बघत होती. बाजारात बैल बघतात तसा. हा एकटाच माझ्याकडे बघत होता. मी हसले, तर घाबरून मान खाली घातली. घरी येऊन मी बहिणीला म्हटलं, या माणसाला माहितेय, हा खेळ पोरांकडून काय मागतो ते. माझं पोरगं घाबरणाऱ्या माणसाकडे जाऊ दे. बाकी सगळे फार धीट आहेत. मी हिवाळाभर देवाकडे टोलेडो मागत होते, मिस्टर रोझॅक."

खोलीत लॉनीने कोणाला तरी उचलून घेतलं होतं. एमेटने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"तुम्ही आला होतात का कधी?" कोराबाईंनी विचारलं. "मार्चमध्ये त्याने चेंडू फेकून दाखवले तेव्हा मी होते तिथे."

"आलो होतो, मॅम."

"मला पाहिलंत?"

त्या दिवशी एमेट तीन तास त्या पोराचा खांदा, कोपर आणि मनगट बघत उभा होता.

"हो, मॅम," तो म्हणाला.

त्या कुठे बसल्या होत्या, अंगात काय होतं, काहीतरी तो सांगेल म्हणून त्या वाट बघत होत्या, हे त्याला कळत होतं. त्याच्याजवळ सांगायला काहीच नव्हतं. मग त्यांनी डॅरियसला हाक मारली आणि फोन त्याच्या हातात दिला.